एक लाख तीन पाहुणे

बायको वच्छला माहेरी गेल्यापासून देवाजीवर घरची चूल रुसली होती. भात कच्चा, वरण करपलेलं, आणि बोलायला समोर फक्त बैल. वच्छलेची आठवण अशी छळायची की शेवटी त्याने बैलबंडी जुंपली आणि चिमूरजवळची सासुरवाडी गाठली.

पण सासरा इस्तारी पडला कोड्यांचा नादी. बायको वारल्यापासून तर एकटा बसून कोडीच रचायचा. "जवाईबापू, कोडं सोडवल्याबिगर लेक नाई धाडत," तो म्हणाला. "माह्या दारी एक लाख तीन मानसं जेवाले आली. साऱ्या पंगती सारख्या पाड. एकबी मानूस उरला नाई पायजे."

"एवढी मानसं त निवडणुकीलेबी नाई आली, मामाजी!"

"तू पंगत पाड."

देवाजीने कोळसा घेऊन भिंत काळी करायला सुरुवात केली. दोन-दोन बसवले, एक उरला. तीन-तीन बसवले, एक उरला. सात-सात बसवले, तरी मेला एक उरलाच! शेजारचा मुखरू मदतीला धावला. "तिघाइले हाकलून दे, मंग लाख बरोबर बसते."

"कोन्त्या तिघाइले?" पलीकडच्या आळीतल्या सोनीबाईने कमरेवर हात ठेवले. "आमच्याच आळीचे काऊन?"

झालं! न आलेल्या पाहुण्यांवरून दोन आळ्यांत अशी जुंपली की विहिरीवर बायकांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. इकडे वच्छला दारातून दिसायची, पण सासऱ्यासमोर तिच्याशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती. देवाजीचा जीव तिळतिळ तुटायचा.

अखेर एका सकाळी तो ओरडतच उठला, "मामाजी, एकच पंगत! साऱ्याइले एकाच पंगतीत बसवा. जाऊ द्या पार चांदा शहरापर्यंत, पन उरते कोन?"

 इस्तारीने आत जाऊन लेकीचं गाठोडं आणलं आणि बंडीत ठेवलं. देवाजीने आनंदाने बैल जुंपले. वच्छला डोळे पुसत चढून बसली.

"उत्तर बरोबर हाय," सासरा म्हणाला. "दुसरंबी एक हाय. हरेक मानूस एकटा-एकटा जेवला, तरी कोनी उरत नाई. थे मी आजपासून करून पायतो."

देवाजीला एकट्याचं जेवण चांगलंच ठाऊक होतं. हातातला कासरा टाकून तो बैल सोडायला लागला.

"चुकलं माहं, मामाजी. चांद्यापर्यंत वाढाले मानसं कुठून आनाची?"

"मीबी तेच म्हनून राह्यलो होतो!" इस्तारी म्हणाला, आणि वच्छला खाली उतरायच्या आत तिचं गाठोडं घरात पोचलंसुद्धा.