नावं ठेवणारे कचरूशेठ

आमच्या हसनाबादेत दोन गटांत तंटा पेटायची चिन्हं दिसली, की लोक आधी कचरूशेठला हाक मारतात. शेठ येतात, पण शांततेचं अवाक्षर काढत नाहीत. उलट दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात!

शेठ म्हणजे चौकातले किराणावाले, मारवाडी जैन. बायको वारली, पोरगा पुण्यात. सकाळचा डबा शेजारच्या संजूच्या आईकडून, संध्याकाळचा मशिदीजवळच्या सलीमच्या अम्मीकडून. तोही दिवस मावळायच्या आत, कारण अंधार पडल्यावर शेठ घास घेत नाहीत. भाऊबंद नाकं मुरडतात. मुरडू देत!

यंदा गणपतीची मिरवणूक मशिदीसमोर आली. तिथं ढोल थांबवायचा, हे ठरलेलं. पण संजू पडला मंडळाचा अध्यक्ष, अंगात आलेलं.

सलीम म्हणाला, "बंद कर."

"न्हाई करत, काय करशील?"

झालं! बाह्या वर गेल्या, मागं पोरं जमली.

तेवढ्यात शेठ धोतर सावरत मधे घुसले. "संज्या, तुझ्या आईची बुंदी का बंदुकीची गोळी रे? दाढ हलली माझी! अन् सलीम्या, तू दात काढू नको. तुझ्या अम्मीचा शीरखुर्मा बिलकुल पानी! शेवया हुडकून राह्यलो, सापडंना!"

मग सलीम उसळला, "तीन वाट्या कोणी चापल्या मंग?"

"अन् बुंदी पिशवीत भरून नेल्ती ना!" संजू ओरडला.

दोघं मिळून शेठच्या मागं धावले, ढोलवालाही धावला. ढोल बंद!

संध्याकाळी गेलो, तर शेठ दुकानात एकटेच मुरमुरे चघळत बसलेले.

"डबा?"

"दोघी रुसल्या."

"मग बोलता कशाला असं?"

"माझ्यावर रुसल्या तर चार दिवसांत मानतेत रे. एकमेकींवर रुसल्या, तर म्या कोणत्या दारात जाऊ? दोन्ही घरं माझीच हायेत."

इतक्यात दोघी तणतणत आल्या. संजूच्या आईनं फळीवर ताट आदळलं. अम्मी डाफरल्या, "जल्दी खाव, सूरज डूब रा!"

दोडक्याची भाजी होती. रागातसुद्धा कांदा-लसूण टाळलेला.

शेठनी घास घेतला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. जन्मात कांदा न चाखलेला हा माणूस गरजला, "कांद्याबिगर काय चव हाय ह्याला?"

अम्मींनी ताट ओढलं. शेठनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.