खिशातला साबणाचा पंप

सावंतकाका दूध आणायला खाली उतरले, की त्यांच्या शर्टाच्या खिशातून स्टीलची एक वाकडी चोच बाहेर डोकावते. नव्या माणसाला वाटतं, काही औषधपाण्याची भानगड असेल. छे हो, ती त्यांच्या सिंकवरच्या साबणाच्या पंपाची तोटी आहे. ओट्याला भोक पाडून बसवलेला पंप, खाली बाटली, वरून ही तोटी दाबायची. घराबाहेर पडताना काका तोटी उपटून खिशात घालतात.

"कामवाली येते ना," मला त्यांनी कारण सांगितलं. "यात काहीतरी काळंबेरं आहे."

हे त्यांचं पालुपद. एव्हरशाईनमधल्या आमच्या सोसायटीत त्यांची आणि माझी स्वयंपाकघराची भिंत एकच, त्यामुळे ते मला पाठ झालंय. लिफ्ट बंद पडली, काळंबेरं. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, मग तर फारच. प्लंबरबद्दल बोलूच नका. "एक आटा पिळतो नि दोन ढिले करून जातो." काचबिंदूने काकूंची नजर पार गेली आणि स्वयंपाकघर काकांकडे आलं. तेव्हापासून साबणाच्या बाटलीवर मार्करच्या खुणा असतात.

संशयाची लागण मलाही झाली. भिंतीपलीकडे तो पंप दिवसभर करकरायचा. दुपारी सगळी सोसायटी आडवी झालेली असताना दर दहा मिनिटांनी एकदा, किर्र. दोन माणसांची भांडी ती किती? एकदा डबा परत करायच्या निमित्ताने मी सरळ आत घुसले. सिंक कोरडं ठणठणीत, आणि काका तोटीखाली वाटी धरून पंप दाबतायत. मला बघून दचकले, वाटीतला साबण परत बाटलीत ओतला आणि म्हणाले, "टेस्टिंग." म्हटलं, म्हातारा कामातून गेला.

मागच्या रविवारी त्यांनीच माझी बेल वाजवली. पंप जाम झाला होता. माणिकपूरचा दुकानदार लिक्विडमध्ये पाणी घालतो असा संशय आला, म्हणून यांनी भांड्यांच्या साबणाची वडी किसून बाटलीत कोंबली होती.

"प्लंबरला बोलवा की."

"नको, तूच बघ. तुझ्यावर त्यातल्या त्यात कमी संशय आहे."

एवढं प्रशस्तिपत्रक मिळाल्यावर काय करणार? ओट्याखाली शिरले, बाटली फिरवून काढली, लगदा उपसला. नळी आणि पंप गरम पाण्यात बुडवून दाबत राहिले, तेव्हा कुठे आतली स्प्रिंग सुटली. वर घरून आणलेल्या खोबरेलाचा एक थेंब. बसवून दाबला तर हूं की चूं नाही.

मी शाबासकीची वाट बघत होते. काकांचा चेहरा उतरला. "आवाज खंय गेलो?"

"घालवला. किती करकरत होता तो."

त्यांनी पुन्हा दाबला, मग घाईघाईने आणखी दोनदा. तेवढ्यात हॉलमधून काकूंचा घाबरलेला आवाज आला. "अहो, खंय गेल्यात?"

"हयसरच आसंय गो," काका ओरडले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "दर वेळी हाक मारायची तिला लाज वाटते. हा वाजला की तिला कळतं, मी घरात आहे. मागे मी खाली गेलो असताना कामवाली जाता जाता दाबून गेली. ही अर्धा तास माझ्याशी बोलत बसली. एकटीच."

मला त्या वाटीची आठवण झाली आणि स्वतःची लाज वाटली. पंप पुन्हा उपटला, गरम पाण्याने धुतला, फडक्याने पुसून तेलाचा अंशही ठेवला नाही. चौथ्यांदा दाबला तेव्हा किर्र झालं.

"ती तेलाची बाटली आधी तुझ्या घरी ठेवून ये," काका म्हणाले.

मी बाटली उचलली. हॉलमधून काकूंनी विचारलं, "घरात आसात मा?"

काकांनी तोटीखाली वाटी धरली आणि पंप दाबला.