प्रमिलाबाईंनी गच्चीवरचा सूर्य झाकला, ती हकीकत

सूर्यनारायण साक्षी, विजेने सर्वांचे हात राखावेत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाखमासी, भर दुपारी. ते समयी एका राज्यात त्र्यंबकराव सोनटक्के आपल्या घरावर राज्य करीत होते, आणि रावांनी गच्चीवर सोलरची दोन पॅनेलं मांडून, स्वस्तातला इन्व्हर्टर आणून, त्याची पिन मिक्सरच्या प्लगात खोचिली होती, आणि गच्चीवरची वीज त्या प्लगातून उलटी घरात शिरून पंखे फिरवीत होती, आणि राव फार खूश होते. मग वावटळ उठली, घराची तार खांबापाशी तुटून लोंबू लागली. रावांस पत्ताच नाही, पंखा चालूच होता. शेजाऱ्यांनी कळविले, मग वीज खात्याच्या प्रमिलाबाई घोडके शिडी घेऊन आल्या, आणि संगे जोडीदार इस्माईलभाई.

बाई चढल्या. खांबाकडील टोकास टेस्टर लाविला, थंड. मग घराकडील टोकाकडे वळल्या.

इस्माईलभाई खालून म्हणाले, "ताई, लाइन बंद केलीय, तसं परमिट माझ्या खिशात आहे. ते टोक तर तुटलेलं! पूजा करताय का तारेची?"

"करतेय. घरी दोन लेकरं आहेत माझी," म्हणून बाईंनी टेस्टर टेकविला, आणि टेस्टरचा दिवा पेटला.

बाईंनी हात मागे घेतला. मग उतरून थेट रावांच्या स्वयंपाकघरात गेल्या.

"राव, वीज कुठून येते?"

"आमची घरची आहे, बाई! लाइन गेली तरी थांबत नाही!"

"चांगला इन्व्हर्टर लाइन जाताच आपण होऊन थांबतो. हा तुटलेल्या तारेत वीज सोडून मला खांबावर मारीत होता. मेन स्विच कुठाय?"

"कपाटामागे."

"धन्य!"

राव ओशाळून पिन उपसण्यास धावले. बाई गरजल्या, "हात मागे! उपसलेल्या पिनेतही वीज असेल!"

मग बाई गच्चीवर गेल्या आणि दोन जाड गोधड्या दोन्ही पॅनेलांवर अंथरिल्या. पंखा थांबला. मग तिघांनी कपाट सरकविले, मेन पाडिला, आणि बाईंनी पुन्हा चढून पुन्हा टेस्टर लाविला, तो पेटला नाही, आणि इस्माईलभाई शिडी दोन्ही हातांनी धरून राहिले.

तार जोडली. रावांनी खाली वाकून नमस्कार केला.

सारांश, त्या राज्यात आता इन्व्हर्टर खात्यास कळवून, वेगळ्या तारेवर, वेगळ्या स्विचावर बसतो. बाई त्या सांजेस घरी पोचल्या, आणि लेकरांच्या वेण्या त्यांनीच घातल्या.