अफझलगंजचा बरा झालेला रोगी

संस्थान भारतात सामील झालं तेव्हा सुलतानबाजारात लोक पेढे वाटत होते. आमचे दत्तोपंत मात्र पेढा हातात धरून नुसते उभे. खाईनात! "छापून आलंय म्हणून काय झालं? तसदीक झाली का?" म्हणाले आणि निघाले चालत. कचेरीवरचा तिरंगा डोळ्यांनी बघितला, मगच पेढा तोंडात टाकला. तोवर त्याचा पार लगदा झाला होता.

तसदीक म्हणजे पडताळणी. उभा जन्म सरकारी दफ्तरात नकला मूळ कागदांशी ताडण्यात गेलेला. पेन्शनीत गेल्यावर ताडायला काही उरलं नाही, म्हणून गृहस्थ वर्तमानपत्रांच्या मागे लागले. लाल पेन्सिल घेऊन वाचनालयात बसायचे. मी बरकतपुऱ्यातला त्यांचा शेजारी, त्यातून मास्तर, म्हणजे हक्काचा फुकट साक्षीदार.

एके दिवशी बातमी आली: 'कंपवात समूळ नाहीसा! अफझलगंजच्या व्यापाऱ्याचे सात वर्षांचे दुखणे आठ दिवसांत पळाले!' मी चरकलोच. कारण दत्तोपंतांच्या बायकोला, यमुनाकाकूंना, कंपवात होता.

दत्तोपंत कडाडले, "हा कंपवात? हात कापतात एवढंच लिहिलंय गाढवानं! पाऊल उचलत नाही, अक्षर मुंगीएवढं होतं, मनात हसू असलं तरी चेहऱ्यावर येत नाही, हे कुठाय? आणि हात रिकामा असला की जास्त कापतो, कामाला लागला की कमी. हे कोण लिहिणार, याचा बाप?"

"मग सोडून द्या की," मी म्हटलं.

"सोडून कसं द्या? चला मास्तर!" डोक्यावर टोपी चढलीसुद्धा.

भर उन्हात अफझलगंज गाठलं. व्यापारी कापडाच्या ठाणांमध्ये पान चघळत बसला होता, ठणठणीत. दत्तोपंतांनी कोर्टात विचारावं तसं विचारलं, "सात साल से हात कांपते थे?"

"सात साल? सात रोज जी! मेरेकु जाडे का बुखार था. कुनैन खाया, उतर गया. अखबारवाला पूछा, हात कांपते थे क्या? मैं बोला, हौ, कांपते थे."

हिवताप! मला हसू आवरेना. परतताना मी सारखा बडबडत होतो, "काय पकडलंत हो! आता संपादकाला असं झाडा, की नाव काढणार नाही." एरवी असली चूक सापडली की आठ दिवस दत्तोपंतांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज रस्त्यात दोनदा थांबले, मला वाटलं ऊन लागलं.

यमुनाकाकू चौकट धरून दारातच उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"काय हो?"

"हिवताप होता त्याला."

"असू दे. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या."

दत्तोपंत मटकन पायरीवर बसले. "अगं, चूक धरायला नव्हतो गेलो," ते म्हणाले. "वाटभर देवाला म्हणत होतो, एवढी एक बातमी खरी निघू दे."

काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात कापत होता, त्याखाली दत्तोपंतांची टोपी हलत होती. ती त्यांनी तशीच हलू दिली.