बोट ठेवा

शंकरअप्पांच्या घरी जायचं तर नखं कापून जावं लागतं. नख लागलं की त्यांच्या विमानाला खड्डा पडतो.

अप्पा माझे शेजारी. अंबाजोगाईत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते विकलं, मागोमाग काकू गेल्या, आणि बापाचा वेळ जावा म्हणून बंगळुरूच्या लेकानं विमान जोडायचा खोका पाठवला. आत बाल्सा नावाचं, पापडासारखं हलकं लाकूड. दसऱ्यापासून अप्पा त्याचा डावा पंखच जोडताहेत. पाहुणा दारात दिसला की "या" म्हणायच्या आधी ते म्हणतात, "बोट ठेवा."

पंखाच्या आतल्या आडव्या पट्टीला, म्हणजे फासळीला, अप्पा गोंद लावणार आणि वाळेपर्यंत ती पाहुण्यानं दाबून धरायची. एरवी दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायला आपण एका पायावर तयार. इथं लाकडावर ठेवताना घाम फुटतो. त्यात वाऱ्यानं फासळ्या उडतात म्हणून ऐन मे महिन्यात छताचा पंखा बंद. दूधवाला, मीटरवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, कुणी सुटलं नाही. मत मागायला आलेल्या एका पुढाऱ्यालाही अप्पांनी बसवलं आणि नळाच्या पाण्यापासून रस्त्यापर्यंत सगळं ऐकवलं. बिचाऱ्याला हात जोडून निघायचीही सोय नव्हती.

परवा माझी पाळी आली. मी फासळी दाबून बसलो होतो आणि अप्पा जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होते. धर्मापुरीचा एकजण लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला, तो म्हणे प्रत्येक घागर कानाशी धरून वाजवायचा. ऐकता ऐकता मी मोकळ्या हातानं खोका ओढला, तर तळाशी टाचण्यांची डबी. सील तसंच. वर चित्रही होतं: फासळ्या टाचण्यांनी पाटावर रोवून ठेवा.

"अप्पा, टाचण्या दिल्यात की. मग माणसं कशाला बसवता?"

अप्पांनी डबी माझ्या हातातून घेतली, पुसली आणि परत खोक्यात ठेवली.

"टाचण्या लई चांगल्या हायत, सर. पन त्या बोलत न्हाईत."

चार घरं सोडून राहणारा मी, बोलावल्याशिवाय कधी गेलो नव्हतो. गोंद तर केव्हाच वाळला होता, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी बोट तसंच ठेवून विचारलं, "मग त्या धर्मापुरीवाल्यानं घागर घेतली का?"