विमान बघायला आलेली मंडळी

सकाळी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी एका जंगलात एका पिल्लाने नाकात चिंचोका घातला.

बाळांनो, हसू नका. आधी तुमची नाकं बघू. रिकामी आहेत ना? मग मांडी घालून नीट बसा आणि ऐका.

पिल्लू साळिंदराचं होतं. साळिंदर म्हणजे अंगभर लांब काटे असलेला प्राणी. पिल्लाचं नाव बारकू. त्याची आई भागूबाई चुलीपाशी होती. तिने फक्त भाकरी उलटवण्यापुरती पाठ फिरवली होती. मुलं जे काय करतात ते तेवढ्यातच करतात.

"काय घातलंस नाकात?" भागूबाईने विचारलं.

"काही नाही," बारकू म्हणाला.

"किती घातलेस?"

"एकच."

भागूबाईने त्याला जोरात शिंकरायला सांगितलं. बाहेर सोड म्हटलं की मुलं हमखास आत ओढतात. बारकूनेही आत ओढलं आणि चिंचोका आणखी वर गेला. ओल लागली की चिंचोका फुगतो, हे काही आईला कुणी शाळेत शिकवावं लागत नाही. चिंचोका फुगून मागे घशात गेला तर काय, एवढंच भागूबाईच्या डोक्यात फिरायला लागलं.

त्या जंगलात असल्या कामाला एकच डॉक्टर होते. बगळे डॉक्टर. त्यांची चोच लांब आणि सरळ. नाकातलं, कानातलं, घशातलं ते अलगद काढायचे. पण त्यांचा दवाखाना दरीपलीकडच्या तळ्यावर होता. पायी गेलं तर दोन दिवस. शिवाय डॉक्टर दुपारी बारापर्यंतच बसायचे. नंतर ते मासे धरायला जायचे आणि मग सापडायचे नाहीत.

पण घाबरू नका. त्या जंगलात विमान होतं.

विमान कसं आलं तेही सांगते. दरीवर पूल बांधावा असं सगळ्यांच्या मनात होतं. शेजारच्या जंगलात तसा पूल होताच. पण सिंहमहाराजांना शेजाऱ्यांपेक्षा मोठं काहीतरी हवं होतं. त्यांनी समुद्रापलीकडून विमान मागवलं. त्याची किंमत म्हणून जंगलाचा बारा वर्षांचा सगळा मध गेला. बारा वर्षं अस्वलं मुंग्या खाऊन राहिली. एक खार म्हणाली की एवढ्यात चार पूल झाले असते. तिला सगळ्यांनी विचारलं, पूल बघायला कोण येतं?

खार आपली झाडावर निघून गेली.

विमान चालवायला घारूताई होती. घार असल्यामुळे तिला स्वतःचे पंख होते. पण कॅप्टन झाल्यापासून ती ते वापरत नव्हती. नोकरीच्या नियमात ते बसत नव्हतं म्हणे. ती घरीसुद्धा पायी जायची.

तर भागूबाईने बारकूला कडेवर घेतलं आणि माळावर धावली. अर्ध्या वाटेत तिला आठवलं की तव्यावर भाकरी राहिली. तशीच पुढे पळाली. विमान उभंच होतं, दार उघडं होतं, साडेनऊला तळ्याकडे निघणार अशी पाटीही होती. भागूबाई आत जाऊन बसली. तिने बारकूला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. साडेनऊ वाजले.

विमान काही हललं नाही.

कारण कॉकपिटमध्ये, म्हणजे विमान चालवणाऱ्याच्या खोलीत, पाहुणे आले होते.

त्या जंगलात विमानप्रेमी मंडळ होतं. मंडळाचे अध्यक्ष कासवअण्णा. त्यांच्या गळ्यात दुर्बीण आणि डोक्यावर विमानाचं चित्र असलेली टोपी. विमानाचे पंख किती लांब, चाकं किती, कुठला खिळा कुठल्या देशात घडवला, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. फक्त ते उडत्या विमानात कधी बसले नव्हते. उडालं की पोटात ढवळतं, असं ते म्हणायचे. उभ्या विमानात मात्र ते रोज बसायचे.

आता त्या जंगलाची एक रीत होती. कुणी नवं घर घेतलं की सगळ्यांनी ते बघायला जायचं. घरवाल्याने स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत सगळं दाखवायचं. पाहुण्यांनी नळ सोडून बघायचे, भिंतीवर टकटक करायचं, कपाटं उघडायची. आणि शेवटी एक गोष्ट विचारायचीच. ती विचारली नाही तर घरवाल्याला वाईट वाटतं.

मंडळींनी विमानालाही तीच रीत लावली. कॉकपिटमधल्या प्रत्येक घड्याळावर टकटक झाली. प्रत्येक बटण एकदा चालू आणि एकदा बंद झालं. कासवअण्णांनी घारूताईला तिच्याच विमानाची माहिती दिली आणि तिने ती मान हलवत ऐकली. मग अस्वलमामांनी दाराची कड चाचपत ते विचारलं.

"कितीला पडलं?"

घारूताईने सांगितलं. अस्वलमामांना तो आकडा माहीत होता, मध त्यांचाच होता. पण तरी ऐकल्यावर त्यांना बसावंसं वाटलं, म्हणून ते बसले. ते बसले ती जागा घारूताईची होती.

"म्हणजे ह्या दांडीत माझी मधाची दोन पोळी तरी असणार," ते दांडी कुरवाळत म्हणाले. मग मंडळातल्या प्रत्येकाला आपला मध कुठल्या भागात गेला ते शोधायचं होतं. कुणी खिडकीला हात लावून बघितला, कुणी पंख्याच्या बटणाला.

भागूबाईने मागून हाक मारली. लेकराच्या नाकात चिंचोका आहे, बाराच्या आत पोचायला पाहिजे, असं तिने हात जोडून सांगितलं.

"अगं बाई, हो का," कासवअण्णा कळवळून म्हणाले. "पाचच मिनिटं, वहिनी. एवढं महागाचं विमान, रोज रोज थोडंच बघायला मिळतं."

ते कालही आले होते. परवाही आले होते.

पाच मिनिटं झाली. त्या जंगलातली पाच मिनिटं झाली, म्हणजे साधारण तासभर. भागूबाई उठून घारूताईकडे गेली. घारूताई कोपऱ्यात एका पायावर उभी होती. ती हळूच म्हणाली की तिची काहीच हरकत नाही, ती आत्ता निघेल, पण आलेल्या पाहुण्यांना उठा असं कसं म्हणायचं? तिच्या आईने तिला तसं कधी शिकवलं नव्हतं. आणि एवढं बोलून तिने सवयीने मागे वळून पाहुण्यांना विचारलं की चहा घेणार का.

"नको, नको," सगळे म्हणाले. "अर्धा अर्धा चालेल."

म्हणजे आता चहा.

भागूबाई दारात आली. खाली विमानाचे व्यवस्थापक कोल्हेसाहेब सावलीत उभे होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. कोल्हेसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी तिला समजावलं की विमान उडालं की करंजाचं तेल जळतं, चाकं झिजतात, पत्रा तापतो. उभं राहिलं तर फक्त चहा लागतो.

"बाई," ते म्हणाले, "ह्या विमानाला खरा धोका आहे तो उडण्याचाच."

भागूबाई परत जागेवर आली. बारकू सकाळपासून सारखा बोलत होता. विमानाला नाक असतं का, ढग चिकटतो का, डॉक्टर मासे कच्चे खातात का, असलं सगळं विचारून झालं होतं. आता तो गप्प होता. तोंड उघडं टाकून श्वास घेत होता आणि आईकडे बघत होता.

बाळांनो, तुम्ही बडबड करता तेव्हा आम्ही रागावतो. पण बडबडं मूल गप्प झालं की आईच्या हातापायातलं बळ जातं. भागूबाईचंही गेलं. मग एकदम दुप्पट होऊन परत आलं.

ती कॉकपिटच्या दारात जाऊन उभी राहिली. आवाज अगदी गोड केला.

"अण्णा, तुम्हाला सगळं माहिती म्हणून विचारते. हे विमान उडताना खालून कसं दिसतं हो?"

कासवअण्णांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग मान थोडी आत घेतली.

"चाकं पोटात जातात, असं ऐकलंय," ते म्हणाले.

"ऐकलंय?" भागूबाई म्हणाली.

मंडळातले सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. अस्वलमामांनी हातातला कप खाली ठेवला. बारा वर्षांचा मध दिला आणि तो वर जाताना एकदाही बघितला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. कासवअण्णांनी टोपी नीट केली आणि आपण सगळ्यांनी खाली जाऊन निरीक्षण करावं असा ठराव मांडला. तो लगेच मंजूर झाला.

मंडळी उठली. दारापर्यंत आली. आणि तिथे थांबली.

कारण त्या जंगलात पाहुणे आत बसून बोलतात ते वरवरचं. खरं बोलणं दारात सुरू होतं. "बरंय, येतो मग," असं म्हणून अस्वलमामा उंबऱ्यात टेकले आणि त्यांना भाचीच्या लग्नाचं आठवलं. मुलाकडच्यांनी अजून निरोप पाठवला नव्हता. कासवअण्णांनी तसाच प्रकार त्यांच्या मेव्हणीच्या वेळी झाल्याचं सांगितलं. घारूताई हातात रिकामे कप घेऊन ऐकत उभी राहिली. ऐकणं सोडून जाणं बरं दिसत नाही.

भागूबाईने बारकूचा पट्टा घट्ट केला. घारूताईच्या हातातून कप काढून घेतले आणि तिला तिच्या जागेकडे ढकललं. मग तिने दाराकडे पाठ केली. साळिंदराने पाठ केली की काय होतं ते जंगलात सगळ्यांना माहीत असतं. तिचे काटे सरसरून उभे राहिले. आणि ती उलट्या पावलांनी दाराकडे निघाली.

"या हं परत," ती अगदी प्रेमाने म्हणाली, आणि एक पाऊल मागे आली.

"वहिनींना विचारलं म्हणून सांगा." आणखी एक पाऊल.

"पुढच्या वेळी जेवायलाच या." आणखी दोन.

अस्वलमामांनी दारातून थेट खाली उडी मारली. कासवअण्णा पायऱ्यांवरून पाठीवर घरंगळत गेले. बाकीचे जमेल तसे उतरले. आपल्याला बाहेर काढलं असं कुणाला म्हणताही येईना, कारण निरोप तर अगदी रीतसर दिला होता.

दार लागलं. विमान उडालं.

वरून ढग फार छान दिसतात म्हणतात. भागूबाईला माहीत नाही. ती सगळा वेळ एका नाकपुडीकडे बघत होती.

मायलेकरं तळ्यावर पोचली तेव्हा बगळे डॉक्टरांचा एक पाय पाण्यात गेलेला होता. ते कुरकुरत मागे आले. बारकूची मान वर केली, चोच आत घातली आणि बाहेर काढली. चिंचोका चांगला टपोरा झाला होता. बारकूने नाकाने लांब श्वास घेतला.

"हा उगवेल का?" त्याने विचारलं.

भागूबाईने त्याला एक धपाटा घातला. मग पोटाशी धरलं, सगळे काटे मिटून. मग जरा वेळ ती रडली. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मग ते माशांकडे गेले.

गोष्ट इथेच संपायला पाहिजे होती. पण इकडे माळावर वेगळंच झालं होतं.

विमान उडालं तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चाकं खरंच पोटात गेली. कासवअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग विमान लहान व्हायला लागलं. आधी गरुडाएवढं झालं. मग कावळ्याएवढं. मग माशीएवढं. मग दिसेनासंच झालं.

"बारा वर्षांचा मध," अस्वलमामा म्हणाले. "आणि केवढंसं झालं बघा."

ते ऐकून सगळ्यांच्या काळजात धस्स झालं. विमान परत येऊन टेकल्याबरोबर त्यांनी ते वेलीने मोजलं. भरलं बरोबर. पण एकदा बसलेली भीती काही मोजून जात नाही. मंडळ महाराजांकडे गेलं. भागूबाईलाही बोलावणं आलं.

महाराज मनाने वाईट नव्हते. त्यांनाही छावे होते. त्यांनी विचारलं, तेव्हा भागूबाईने मान खाली घालून सांगितलं की लेकराचा श्वास अडकत होता, म्हणून पाहुण्यांकडे पाठ केली. महाराजांनी बारकूच्या हनुवटीखाली गोंजारलं. बरं झालं, म्हणाले. मग त्यांनी कोल्हेसाहेबांकडे बघितलं, आणि कोल्हेसाहेबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी हुकूम निघाला. विमान चारी बाजूंनी वेलींनी बांधून ठेवायचं. ते पुन्हा लहान होता कामा नये. कॉकपिट सकाळपासून दिवे लागेपर्यंत सगळ्यांना उघडं. घारूताईने चहाचं बघायचं.

"आणि एखादं लेकरू आजारी पडलं तर, महाराज?" भागूबाईने विचारलं.

त्याचाही विचार झालेला होता. कोल्हेसाहेब हसून म्हणाले, "आजारी लेकरांना कॉकपिट बघायला रांग नाही. थेट आत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागूबाई घरी गेली. तवा आणि गोधडी बांधली, बारकूला कडेवर घेतलं आणि दोन दिवस चालून तळ्याकाठी राहायला गेली.

तात्पर्य: महागाची वस्तू कायम उभी ठेवावी, वापरली की ती लहान होते. विमान वर्षातून एकदा बघितलं तरी पुरतं, पण घर डॉक्टरच्या शेजारी घ्यावं. आणि पाहुण्यांना निरोप नेहमी गोड बोलूनच द्यावा, फक्त तोंड दुसरीकडे करून.

आता उठा, बाळांनो, आणि हे सगळ्यांना सांगून या. ज्यांच्या घरात चिंचोके आहेत त्यांना आजच सांगा, आधी आयांना सांगा. ज्यांच्याकडे विमान आहे त्यांना सावकाश सांगितलंत तरी चालेल. ते कुठे जात नाही.