आशालताबाईंची मान आणि माझे शॉकअप

माझ्या गाडीत बसलेला माणूस मला नाही म्हणत नाही, असं मी घरात छाती काढून सांगितलं, तेव्हा त्यामागचं यांत्रिक कारण मला माहीत नव्हतं.

गाडी ऑफरोडवाली. जमिनीपासून हातभर उंच, चारही चाकांना ताकद, टायर ट्रॅक्टरने वळून बघावं असे. डोंगर आणि वाळवंटासाठी जन्मलेली ही गाडी गेली पाच वर्षं बोळिंजच्या आमच्या सोसायटीतून भाजी आणायला जाते. वालीवचा आमचा मेकॅनिक स्टॅनी दर सर्व्हिसिंगला म्हणायचा, शॉकअप बघून घेऊ. मी त्याला समजवायचो की हे धक्के झेलणारे शॉकअप झिजतात ते ऑफरोडला, आपण कधी रस्ता सोडलेला नाही.

"साहेब, रस्त्याने आपल्याला कधीच सोडलंय," तो म्हणायचा. "किलोमीटर मोजत बसू नका. ऑइल गळायला लागलं की या. नाहीतर स्पीडब्रेकरवर बघा. एकदा वर, एकदा खाली, गप्प. तिसऱ्यांदा डुलली की शॉकअप गेले."

माझी गाडी एका खड्ड्यावर पुढचा खड्डा येईपर्यंत डुलायची. मला वाटायचं, खुशीत आहे!

तर, आमच्या दिपिकाचं लग्न हर्षवर्धनशी ठरलं. दोघांना ते नंदाखालला, आमच्या मित्राच्या, प्लासिडच्या नारळीच्या वाडीत, शंभर माणसांत करायचं होतं. अडचण एकच, हर्षवर्धनच्या आई. आशालताबाईंना डोंबिवलीचा हॉल आणि आठशे माणसं हवी होती. त्यांचा होकार मिळवायची जबाबदारी मी घेतली. दिपिका म्हणाली, "बाबा, प्लीज बिघडवू नका." मी नुसता हसलो.

वसई स्टेशनवरून मायलेकांना घेतलं आणि मुद्दाम निर्मळ-नंदाखालच्या रस्त्याने निघालो. आशालताबाई मागे, हर्षवर्धन माझ्या शेजारी. टायरांची घरघर एवढी, की मागचं पुढे आणि पुढचं मागे काही ऐकू जात नाही. पण आरशात मान दिसते.

मी घसा ताणून विचारलं, "शंभर माणसं पुरे ना?" त्यांनी मान डोलावली. "प्लासिडच्या वाडीत?" डोलावली. "जेवण केळीच्या पानावर?" भरभरून डोलावली. एवढी गोड विहीण! हर्षवर्धन दोन्ही हातांनी दांडी धरून डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, भारावलाय.

घरी आल्यावर माझ्या बायकोने, रीमाने, पाणी दिलं. मी पेढ्यांचा बॉक्स उघडून जाहीर केलं की शंभर माणसं, नंदाखाल, ठरलं.

आशालताबाईंचा पेला हवेतच थांबला. "काहीतरीच काय? आठशे माणसं, डोंबिवली. मी गाडीत सगळं सांगितलं. तुम्ही प्रत्येक गोष्टीला मान डोलावलीत."

"मी? डोलावलीत तुम्ही!"

"मी कशाला डोलावेन? मी जीव मुठीत धरून बसले होते."

दिपिका उठून आत गेली. दार आपटलं नाही, हलकेच लावलं. ते जास्त लागलं. हर्षवर्धन इंजिनिअर. तो मला खाली घेऊन गेला आणि गाडीचं बॉनेट एकदा जोरात दाबून सोडलं. गाडीने अकरा वेळा होकार दिला. आशालताबाई गॅलरीतून मोजत होत्या.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक ठरली. आशालताबाईंची अट एकच होती, गाडी दुरुस्त करून आणा. स्टॅनीने जुने शॉकअप काढून तेलकट लोणच्यासारखे माझ्यापुढे ठेवले. मग नवे बसवले.

या वेळी गाडी लोण्यासारखी चालली. प्लासिडच्या वाडीपाशी मी वेग कमी केला, टायरांची घरघर थांबली. नारळीत ऊन उतरलं होतं. शेजारी या खेपेला दिपिका होती, श्वास रोखून.

"आशालताबाई," मी म्हटलं, "इथेच करूया ना? शंभरात?"

त्यांनी काच खाली करून वाडीकडे पाहिलं. मग मी आरशात स्वच्छ पाहिलं. मान हलली. एकदा वर, एकदा खाली, गप्प.

दिपिकाने माझा हात घट्ट दाबला. मी विजयी मुद्रेने आरशात आणखी थोडं मागे, नुकत्याच ओलांडलेल्या रस्त्याकडे पाहिलं.

स्पीडब्रेकर होता.